शिळं द्रावण

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला धीर होतो आहे. घरात हे कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. आईला मी ताटात मीठ कमी पडलं तरी सांगायचे, तिलाही हे सांगितलं नाही. ती अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा तिच्या उशाशी बसून तोंड उघडलं होतं — मग वाटलं, जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात आपलं ओझं कशाला अडकवायचं? म्हणून गिळलं. खरं सांगू? तेव्हाही काळजी तिची नव्हती. माझीच होती.

मी लॅब टेक्निशियन होते. धुळ्याला, आग्रा रोडच्या एका गल्लीत, एका डॉक्टरसाहेबांच्या लॅबमध्ये. साल पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या आसपासचं. माहेर शिरपूरचं; धुळ्यात एका बाईंकडे खोली घेऊन राहायचे. रक्त, लघवी, थुंकी — माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं ते सगळं माझ्या टेबलावर यायचं, आणि मी नाक न मुरडता ते तपासायचे. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ही पोरगी आहे म्हणून मी डोळे मिटून सही करतो." ते ऐकून मी कशी फुगायचे, काय सांगू! त्या एका वाक्यावर माझा सगळा तोरा उभा होता. तोरा म्हणजे काय ते मला त्या वयात कळत नव्हतं — मला वाटायचं, हुशारी.

थोडं तपासणीबद्दल सांगावं लागेल. कंटाळू नका, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

उपदंश नावाचा गुप्तरोग आहे. त्याचा जंतू असा सहजासहजी दिसत नाही. म्हणून व्हीडीआरएल नावाची तपासणी करायची. गरोदर बाईची ती करतातच, पोटातल्या बाळाला बाधा नको म्हणून. काचेवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब घ्यायचा, त्यात अँटिजेन नावाचं दुधट द्रावण घालायचं, काच गोल गोल फिरवायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायची. द्रावण सारखं पसरलेलं दिसलं तर माणूस निरोगी. त्याच्या गुठळ्या झाल्या तर आजार. म्हणजे बघा, चोर दिसतच नाही. दारातली पावलं बघून चोर येऊन गेला म्हणायचं. आणि पावलं कधी घरच्याच माणसाची असतात. त्याला आम्ही खोटा पॉझिटिव्ह म्हणायचो. शिकताना परीक्षेत त्याच्यावर मी पानभर लिहिलं होतं. चांगले मार्क पडले होते.

ते द्रावण रोज ताजं बनवायचं असतं. शिळं झालं, किंवा तापलं, की ते आपोआप गुठळ्या धरतं — मग थेंब कुणाच्या का रक्ताचा असेना. आणि धुळ्याचा मे महिना! टेबलाचा पत्रा दुपारी हाताला चटका द्यायचा. वीज गेली की फ्रीजमधल्या बाटल्यांना घाम फुटायचा.

यावर उपाय असतो. रोज पहिल्यांदा एका निरोगी माणसाचं रक्त त्याच द्रावणात घालून बघायचं. ते स्वच्छ दिसलं, तरच पुढे जायचं. मोठ्या शहरांत त्यासाठी विकतची बाटली मिळायची. आमच्याकडे कुठली? आम्ही आमचंच रक्त वापरायचो. मी माझंच. दर सोमवारी डाव्या दंडाला रबराची नळी बांधून, दातात तिचं टोक धरून, उजव्या हाताने सुई घालायचे. आठवडाभर मग धुळे जिल्ह्यातल्या लोकांचं रक्त माझ्या रक्ताशी ताडून बघितलं जायचं. गंमत वाटायची त्याची. मी म्हणजे निरोगीपणाचं माप!

बघा, किती वेळ इकडचं तिकडचंच बोलते आहे. येते मुद्द्यावर.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी शिरपूरला मला बघायला अमळनेरचे लोक येणार होते. स्थळ साहेबांच्याच ओळखीतून आलेलं. मुलाच्या मामांशी त्यांचा घरोबा. दुपारची एसटी पकडायची होती, साडीला मॅचिंग बांगड्या घ्यायच्या होत्या. मी हातातलं काम आवरत आणलं, आणि तेवढ्यात पारोळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एक मुलगी आली. बरोबर सासरा. पहिलटकरीण. पोट नुकतं दिसायला लागलेलं.

तिचं नाव मी इथे रत्ना म्हणते. तिचं खरं नाव लिहायचा हक्क मला नाही.

ती स्टुलावर बसली, हातातल्या हिरव्या बांगड्या तिने कोपरापर्यंत वर सारल्या आणि डोळे गच्च मिटून घेतले. म्हणाली, "ताई, माले सुईना भ्याव वाटस."

लॅबमध्ये मी कधी अहिराणी बोलायची नाही. घरची भाषा घरी. पण उद्याच्या आनंदात होते, सहज तोंडातून गेलं, "भ्यावू नको, बहीन. मुंगी चावस, बस, तेवढंच."

तिने डोळे उघडले आणि हसली. सुई कधी टोचली ते तिला कळलंही नाही. माझा हात हलका होता, ते मात्र खरं.

व्हीडीआरएलचा दिवसातला तो एकच नमुना. आता एका थेंबासाठी अख्खं द्रावण नव्याने बनवायचं, आणि उरलेलं ओतून द्यायचं? आमच्याकडे एकच नमुना आला की आदल्या दिवशीचं वापरायची पद्धत पडून गेली होती. साहेबांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण शिळं वापरलं तर निदान माझ्या रक्ताबरोबर ताडून तरी बघायचे — तो नेम मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी आठवड्याचं माझं रक्त संपलं होतं. पुन्हा नळी बांधा, काढा, ते फिरवा, थांबा... एसटी गेली असती. सकाळपासून वीज नव्हती, बाटली टेबलावरच होती. मी थेंब टाकला, काच फिरवली, डोळा लावला.

गुठळ्या. मोठ्या, स्वच्छ दिसणाऱ्या गुठळ्या.

मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. आम्हाला रोज स्वच्छच काचा दिसायच्या. कधी काही सापडलं की आपल्या नजरेचं आपल्यालाच कौतुक वाटायचं. त्या हसणाऱ्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यापुढे आलाच नाही. मी रिपोर्ट लिहिला. साहेबांनी विचारलं, "नीट बघितलंस ना?" मी म्हटलं, "हो सर." बाकावर बसलेल्या सासऱ्याच्या हातात लिफाफा गेला आणि मी स्टँडकडे पळाले.

इथपर्यंतची चूक झाली. चूक कुणाकडूनही होते. तेवढ्यावर असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

सोमवारी मी परत आले ती हवेत तरंगत. अमळनेरकरांनी तिथल्या तिथे होकार दिला होता. मुलाचे मामा आईला म्हणाले होते, "डॉक्टरसाहेब म्हणतात, या पोरीच्या हातून चूक म्हणून होत नाही. अशी मुलगी घरात यायला नशीब लागतं." तर मी आले, नळी बांधली, माझं रक्त काढलं. ताजं द्रावण बनवलं. शनिवारची बाटली ओतून टाकायला हातात घेतली — आणि हात थांबला. मनात काहीतरी खुपत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. म्हटलं, बघू तरी.

शिळ्या द्रावणात माझं रक्त टाकलं.

गुठळ्या. अगदी तशाच.

ताज्या द्रावणात टाकलं. स्वच्छ.

रत्नाच्या रक्ताची बाटली अजून फ्रीजमध्ये होती. ताज्या द्रावणात तिचा थेंब टाकला. काच फिरवली, डोळा लावला. स्वच्छ. दुधासारखं सारखं पसरलेलं, एक कण इकडचा तिकडे नाही. पुन्हा केलं. पुन्हा स्वच्छ.

भिंतीपलीकडे साहेब बसले होते. दार उघडंच होतं. "सर, शनिवारचा रिपोर्ट चुकला, पारोळ्याला निरोप धाडा" — एवढंच म्हणायचं होतं. ते रागावले असते, फार तर चार दिवस बोलले नसते. पण मामांच्या कानावर गेलं असतं तर? मी मनाशी म्हटलं, पारोळ्याचे डॉक्टर इंजेक्शन देतील, पेनिसिलीनच ना, त्याने कुणाचं काय वाईट झालंय? बाळाला काही होणार नाही. विषय संपेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी काच नळाखाली धरली, दोघींचं रक्त एकाच पाण्यात वाहून गेलं, आणि मी पुढच्या कामाला लागले.

विषय कसा संपेल? मला इतकी साधी गोष्ट समजत नव्हती? समजत होती. हा आजार कशाने होतो ते गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मग तो बाईच्या कागदावर आला की घरात काय होतं, हे मला कळत नव्हतं असं मी म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका.

लग्नाची खरेदी चालू होती तेव्हाची गोष्ट. साहेब बाहेरगावी गेले होते, लॅबमध्ये मी एकटीच. एक तरुण माणूस दारात येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढल्या, आत आला. रत्नाचा नवरा. नाव हिरामण म्हणू. गावात शिंपीकाम करायचा. बोलताना सारखी तर्जनी अंगठ्याने चोळत होता.

"ताई," तो म्हणाला, "हाई तपासनी चुकी शकस का?"

मी मान वर केली नाही. तो बोलत राहिला. डॉक्टरांनी त्यालाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. जळगावला त्याचा मामा, म्हणून तिकडे केली. "मन्हा रगतमा काहीच नही निंघनं. मंग माय इचारस, तिले कोठून उनं? बठ्ठं गाव हाईच इचारस." मग म्हणाला, "मी तिले वळखस, ताई. ती तशी नही शे."

तुम्ही असा नवरा बघितला आहे का? आई एकीकडे, गाव एकीकडे, सहीशिक्क्याचा कागद एकीकडे — आणि हा माणूस पारोळ्याकडून एसटीने येऊन मला विचारतो आहे की कागद खोटा असू शकतो का. त्याला 'हो' ऐकायचं होतं. नुसतं 'हो' नाही, तर खरं असलेलं 'हो'. ते माझ्याजवळ होतं. सबंध जगात फक्त माझ्याजवळ होतं.

मी म्हटलं, "आमच्याकडचे रिपोर्ट चुकत नाहीत, भाऊ."

शुद्ध मराठीत. त्याच्या बायकोशी मी अहिराणीत बोलले होते. त्याच्याशी बोलताना मला पुस्तकातली भाषा आठवली. तिच्याआड उभं राहणं सोपं होतं.

तरी तो हलला नाही. म्हणाला, "एकदाव परत दखा ना. मी तिले लई उनू. ती स्टँडवर बठेल शे."

तिला तो बरोबर घेऊन आला होता. स्टँडवर. हाकेच्या अंतरावर. चहा पिऊन होईल एवढ्या वेळाचं काम. मला काही कबूलही करावं लागलं नसतं! तिला बोलवायचं, पुन्हा थेंब घ्यायचा, 'आता स्वच्छ आहे, पहिली तपासणी चुकली असेल' म्हणून लिहून द्यायचं. पण मग नवा कागद साहेबांच्या सहीला जाणार. ते विचारणार, आधी कसं आलं होतं? — हे सगळं माझ्या डोक्यातून एका श्वासात गेलं. आणि मी जे बोलले ते कुणी शिकवल्याशिवाय सुचणार नाही. मला माझ्या शिक्षणाने शिकवलं होतं.

"त्यांनी इंजेक्शनं घेतली ना? मग आता तपासून उपयोग नाही. औषधानंतर रक्त स्वच्छच दिसणार. त्यावरून आधी आजार नव्हता असं सिद्ध होत नाही."

एकेक शब्द पुस्तकात असतो तसा. त्याला तो उलटता येणार नव्हता. त्याने दोन्ही हात जोडले — मला! — म्हणाला, "बरं, ताई." बाहेर जाऊन चपला घातल्या. उन्हात बराच वेळ तिथेच उभा होता. मग स्टँडच्या दिशेने गेला.

माझं लग्न झालं. चांगलं झालं. यांची बदली शिरपूरला झाली तेव्हा मी तिथल्या एका दवाखान्यात लागले. मुलं झाली, घर झालं. रत्नाची आठवण यायची का? यायची. फार करून सोमवारी, नळी बांधताना. मी स्वतःला सांगायचे, नवरा चांगला आहे, त्याने सांभाळलं असेल.

नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती. दवाखान्यात तापाचे पेशंट रांगेने बसलेले. एक बाई शाळकरी मुलीला घेऊन टेबलापाशी आली. मुलगी हात पाठीमागे लपवत होती. बाई खाली वाकली आणि तिला म्हणाली, "भ्यावू नको. मुंगी चावस, बस, तेवढंच."

मी वर बघितलं. ती आधीच माझ्याकडे बघून हसत होती.

"ताई, तुम्ही धुळाले व्हतात ना? माले याद शे. तुम्ही मन्हासंगे मायानं बोलनात."

इतक्या वर्षांत तिच्याशी मायेने कोण बोललं होतं, की माझं ते एक वाक्य तिने जपून ठेवावं? आणि मुलीला द्यावं? मी मुलीचं बोट धरलं. माझा हलका हात त्या दिवशी जड झाला, दोनदा टोचावं लागलं. रत्ना मात्र बोलत होती. जवळच्याच गावात तिचं माहेर. बाळंतपणाला आली ती तिथेच राहिली, सूतगिरणीत कामाला जाते. "हिना बापनी दुसरी करी. त्याना काय दोष? तो तरी कोठे कोठे लढी? कागदवर लिखेल व्हतं." रागाचा शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही. वापरून गुळगुळीत झालेली वाक्यं बोलत होती.

मग तिने मुलीला बाहेर बाकावर बसायला पाठवलं. टेबलावर वाकली. आवाज खाली आणला.

"ताई, तुम्हले समजस त्यामधलं. माले ती बिमारी कोठून लागनी व्हई? मी खूप इचार करस. मन्ही आतेबहीननं लुगडं नेसेल व्हतं लगीनमा, त्यामुळे लागनी व्हई का? का बाईसनी परसाकडनी जागा व्हती, तठून? कोना पुरुषना हात मन्हा अंगले लागना नही, ताई. मंग कोठून?"

इतकी वर्षं ती हे शोधत होती. कागदावर विश्वास ठेवून स्वतःचं सगळं आयुष्य उसवून बघत होती — कुठलं लुगडं, कुठली जागा, कुणाचा पेला. सासूने टाकलं ते वेगळं. मी तिला तिच्याच मनातून उतरवलं होतं.

आता तर कुणाची भीती नव्हती. साहेब वारले होते. यांचे मामाही. माझं लग्न मोडणार नव्हतं, नोकरी जाणार नव्हती. समोर ती, मध्ये टेबल. मी तोंड उघडलं.

आणि म्हटलं, "असतं असं कधी कधी."

ती मान हलवत राहिली, काहीतरी कळल्यासारखी. मुलीचा रिपोर्ट मलेरियाचा निघाला. गोळ्या कशा द्यायच्या ते मी तिला नीट, दोनदा समजावून सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला, आणि गेली. त्यानंतर ती मला दिसली नाही. तिचं गाव मला ठाऊक होतं. बसने जाऊन यायला अर्धा दिवस लागला असता. मी गेले नाही.

शिळ्या द्रावणात माझं रक्त टाकलं आणि त्याच्या गुठळ्या झाल्या, तेव्हा मी काय केलं होतं ते मी पुन्हा पुन्हा आठवते. मी लुगडी आठवली नाहीत. कुणाचा हात लागला का, ते आठवलं नाही. 'मला तर तो आजार नसेल?' हा विचार पापणी लवायच्या आतसुद्धा माझ्या मनात आला नाही. गुठळ्या दिसल्या आणि मला लगेच कळलं — द्रावण खराब आहे.

तिलाही काही झालेलं नव्हतं. तो प्रश्न घेऊन ती माझ्या टेबलावर वाकली, तेव्हाही मला ते ठाऊक होतं.